अमोलचं मत

सिडकोतल्या त्या गल्लीत नवं कॉमिक आलं की पोरं ते लगेच वाचत नसत. आधी अमोलला विचारत.

भागीबाईचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. बांगड्या, रिबिनी, पेन्सिली, आणि दारात सुतळीवर चिमटे लावून टांगलेली कॉमिक्स. ती विकायला नव्हती, भाड्याने होती. सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणून द्यायचं आणि पान फाटलं तर भागीबाईच्या तोंडाचा पट्टा ऐकायचा. कॉमिक्स हिंदी असत. गल्लीतली पोरं मराठी शाळेत शिकली आणि हिंदी त्या सुतळीवर.

प्रत्येक कॉमिकच्या शेवटच्या पानावर 'आगामी' अशी चौकट असे. पुढे काय येणार त्याचं एक चित्र आणि खाली दोन ओळी. बाकीची पोरं ती चौकट बघून उड्या मारत. अमोल ती गुडघ्यावर घेऊन पायरीवर बसून राही. वाण्याकडे पाठवलेलं पोरगं तांदळातले खडे बघतं तसं त्याचं बघणं असे.

"काय रे," भागीबाई विचारी, "कोणतं जास्त मागवू?"

"तिमिरसेनच्या दोन प्रती मागवा मावशी. तो समुद्रातला आहे ना, त्याची एकच. पडणार आहे तो."

"अरे, चित्र तर केवढं झगझगीत काढलंय!"

"म्हणूनच पडणार. चित्र मोठं आणि ओळी दोन. गोष्टच नाहीये त्यांच्याकडे."

महिन्याने समुद्रातला यायचा आणि सुतळीवरच वाळत राहायचा. तिमिरसेनसाठी मारामारी व्हायची. भागीबाई मग गिऱ्हाइकांना सांगे, "मल्हारीच्या पोराचं मत घेतल्याबिगर मी मालच उचलत नाय बाई." हे ब्याण्णव-त्र्याण्णव सालचं. अमोल तेव्हा सातवीत होता.

मल्हारी म्हणजे अमोलचा बाप. पिंपळगावकडचा. तरुणपणी द्राक्षांच्या पेट्या टेम्पोत चढवायचं काम केलं, मग अंबडला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर लागला. प्रेस म्हणजे पत्रा दाबून घडवायचं यंत्र. पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, दोन बाजूंची दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबायची. मग वरचा घण खाली येतो आणि पत्र्याचा भाग होतो. दोन हात दोन बटणांवर असले की घणाखाली काही राहत नाही. बटणं दोन ठेवलीत ती त्याचसाठी. मल्हारीची दहाही बोटं शाबूत होती आणि प्रेसवर एवढी वर्षं काढलेल्या माणसाला ही मिरवायची गोष्ट असते. तो मिरवत नसे. पण नव्या पोरांना हात पसरून दाखवी.

मल्हारीच्या लेखी काम म्हणजे जे केल्यावर अंग बोलतं ते. त्यामुळे पायरीवर बसून चित्रांवर मत देणं त्याला कामात बसत नव्हतं आणि खेळातही बसत नव्हतं.

"आमल्या, मत देऊन कुणाचं पोट भरलंय का रे?"

"पुढाऱ्यांचं भरतं की, नाना," अमोल म्हणे. तो वडलांना नाना म्हणायचा.

अमोलची आई साळूबाई चुलीपाशी, म्हणजे खरं तर गॅसपाशी, पदर तोंडाला लावून हसे. बापलेकांत तिची बाजू ठरलेली नसे. ज्याचं उत्तर झणझणीत त्याची बाजू.

एकदा जेवताना अमोलने दोन कॉमिक्स ताटाशेजारी उघडून ठेवली. मल्हारीने डोळे वटारले, पण पोरगं मागे हटेना.

"नाना, हे बघा. दोन्ही तिमिरसेनच. यातला कुठला कामचुकार माणसाने काढलाय ते सांगा."

मल्हारीने भाकरीचा घास तसाच धरून बघितलं. दोन्हीकडे काळा झगा, दोन्हीकडे दाढीवाला राक्षस. "मला काय कळतंय त्यातलं? दोन्ही येडेच दिसत्यात."

"हात बघा."

एका कॉमिकमध्ये तिमिरसेनची बोटं न् बोटं दिसत होती. पेरं, नखं, तलवारीच्या मुठीवर आवळलेला अंगठा. दुसऱ्यात त्याचे हात सगळीकडे झग्याच्या आत होते, नाहीतर पाठीमागे, नाहीतर नुसती गोळा केलेली मूठ.

"हात काढायला सगळ्यांत अवघड असतो," अमोल म्हणाला. "कंटाळा केला की चित्रकार हात लपवतो. पुढच्या अंकालाही हाच माणूस आहे. तो अंक वाईट निघणार."

मल्हारीने हातातला घास तोंडात घातला. पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात तेल देताना त्याचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं आणि पोरगं म्हणतं त्यात तथ्य आहे असं त्याला वाटलं. हे त्याने घरी सांगितलं नाही. घरी स्तुती केली की पोरगं बिघडतं, अशी त्याची समजूत होती. त्याच्याही बापाची होती.

पुढे टीव्ही गेम आला. गल्लीत पहिला राजच्या घरी. राज अमोलच्या वर्गातला, बाप रिक्षावाला, मन मोठं. वर्षभरात त्याचा जुना डबा अमोलकडे आला, कारण राजला नवा मिळाला. डब्यात कॅसेट खोचायची, टीव्हीला वायर लावायची, आणि हातात ते चपटं यंत्र धरायचं. डाव्या अंगठ्याने माणूस चालवायचा, उजव्या अंगठ्याने बटणं दाबायची. पोरं त्या चपट्या यंत्राला रिमोट म्हणत.

सगळ्यांत लाडका गेम होता 'सात बुरूज'. कॅसेटवर चिनी का जपानी अक्षरं होती, त्यामुळे खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. हे नाव अमोलनेच ठेवलेलं. एक शिपाई सात बुरूज चढत जातो. एका बटणाने ढाल धरायची, दुसऱ्याने बाण सोडायचा. गंमत अशी की एकाच अंगठ्याला दोन्ही जमत नसे. ढाल धरली की बाण राहिला, बाण सोडला की ढाल पडली. पाचव्या बुरुजावर गल्लीतलं प्रत्येक पोरगं मरत होतं.

एका रविवारी मल्हारी जेवून आडवा झाला होता आणि टीव्हीपुढे पोरांचा गलका चालला होता. त्याने डोळे उघडले तर अमोल सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापून रिमोटवर गुंडाळत होता. ढालीच्या बटणावर आगकाडीचा तुकडा, वरून रबरी पट्टी घट्ट. बटण दाबलेलंच राहिलं. शिपायाची ढाल वर ती वरच. मोकळ्या अंगठ्याने अमोल बाण सोडत सुटला. पाचवा बुरूज गेला. सहावा गेला. पोरं नाचायला लागली.

मल्हारी उठून बसला. त्याने रिमोट हातात घेतला, पट्टी ओढून बघितली, गाठ बघितली. गाठ चांगली होती.

"हे कुणी केलं?"

"मी," अमोल म्हणाला. आता शिव्या बसणार असं त्याला वाटलं असावं.

"एका हाताचं काम वाचवलं की रे," मल्हारी म्हणाला. "याला म्हणायचं डोकं लावणं. शाब्बास."

पोरांचा नाच थांबला. राज म्हणाला, "नाना शाब्बास म्हणाले! लिहून ठेवा रे कुणीतरी!" सगळे हसले, मल्हारीसुद्धा हसला. अमोल हसला नाही. तो खाली बघून रिमोटची वायर सरळ करत बसला आणि त्याचे कान लाल झाले होते.

मल्हारी जन्मात एकदा शाब्बास म्हणाला तो असा.

अमोल बारावीला इंग्रजीत गेला. पुन्हा बसला, पुन्हा गेला. दरम्यान पायरीवरचं त्याचं मत मात्र पिकत चाललं होतं. कॉलेजातली पोरं यायची, उत्तमनगरची यायची. कुठला गेम येणार, कुठला निव्वळ जुन्याला रंग देऊन विकणार, हे तो कॅसेटच्या डब्यावरच्या चित्रावरून सांगे. 'सात बुरूज'चा दुसरा भाग येणार अशी आवई तेव्हा उठली होती. आठवा बुरूज असणार म्हणे. अमोलचं मत पडलं, "येईल. पण आठव्या बुरुजात नवीन काही केलं नसेल तर पहिल्याची अब्रू घालवतील." तिमिरसेनचंही मोठं प्रकरण चाललं होतं. दंतासुर नावाच्या राक्षसाने त्याचं नगर घेतलं होतं आणि 'आगामी'त दर वेळी लिहून येई, अंतिम युद्ध लवकरच.

"लवकरच म्हणजे कधी?" भागीबाई विचारी.

"मावशी, जे लवकर येतं त्याला लवकरच लिहावं लागत नाही."

मल्हारीने शेवटी फोरमनला गाठलं आणि पोराला कारखान्यात लावलं. स्वतः शेजारी उभं राहून शिकवलं. पत्रा कसा धरायचा, तेल किती, चिमटा कधी. सगळ्यांत आधी बटणं.

"दोन्ही हात बटनावर. मगच घण खाली. ध्यानात ऱ्हायल?"

"राहील, नाना."

पोराचा हात चांगला होता. पत्रा न चुकता बसवायचा, माल कमी बिघडवायचा. मल्हारी बघायचा आणि मान हलवायचा. तोंडाने काही नाही. दोन महिन्यांनी अमोलला दुसरी पाळी मिळाली आणि मल्हारीची पहिलीच राहिली. दुपारी कारखान्याच्या फाटकात दोघांची गाठ पडे, एक बाहेर येताना, एक आत जाताना.

"डबा घेतला का?"

"घेतला."

एवढंच बोलणं होई. दुसऱ्या पाळीत अमोल सगळ्यांत जास्त माल काढतो हे मल्हारीला दुसऱ्यांकडून कळलं. त्याला बरं वाटलं. पोरगं चपळ आहे, एवढंच त्याने मनाशी धरलं.

दोन हजार सालचा पोळा होऊन गेला होता. दिवेलागणीला साळूबाई भाजी निवडत होती, मल्हारी दाढी करत होता. कारखान्यातली दोन माणसं स्कूटरवर आली. खाली उतरल्यावर दोघंही चपला न काढता दारातच उभे राहिले. मल्हारीला कळलं. प्रेसवरच्या माणसाच्या घरी अशी माणसं आली की काय झालं हे विचारावं लागत नाही. कुठला हात, एवढंच विचारायचं असतं.

"कुठला?"

"उजवा. अंगठा, अन् शेजारची दोन."

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो स्कूटरवर मागे बसला.

दवाखान्यात फोरमन होता. तो म्हणाला, "मल्हारी, उजवं बटण बांधून ठेवलं होतं त्यानं. डाव्या हातानं बटण दाबायचा अन् उजव्यानं पत्रा सरकवायचा. आम्हाला तरी काय माहीत?" माहीत होतं. प्रेसवर बटण बांधणारा अमोल काही पहिला नव्हता. कुणी लाकडाची ढलपी ठोकतं, कुणी चिंधी गुंडाळतं. एक हात मोकळा राहतो, माल वाढतो, आणि माल वाढला की बटणाकडे कुणी बघत नाही. कुणातरी टारगटाचं बघून पोराने केलं असणार असं मल्हारीने ठरवलं आणि त्या न पाहिलेल्या टारगटाला मनात आईबहिणीवरून शिव्या दिल्या. आपण एवढं सांगूनही पोराने असं का केलं, हे त्याने अमोलला विचारलं नाही. पट्ट्या बांधलेल्या हाताकडे बघून कुणाला काही विचारता येत नाही.

जखम भरली. कारखान्याने अमोलला परत घेतलं नाही. हे सगळं जसं नेहमी होतं तसंच झालं. पण गल्लीला कळलं ते वेगळंच. अमोलचं मत बंद झालं.

पोरं आली होती. नवीन तिमिरसेन घेऊन आली, अगदी आठवणीने. "अमोलदादा, बघ की. दंतासुराचा भाऊ आणलाय. काय वाटतं, पुढे काय होईल?"

"मला काय विचारता?" अमोल म्हणाला. "वाचा आणि बघा."

उजवा हात पँटच्या खिशात होता. तो हात आता खिशातच असे. जेवताना डाव्या हाताने जेवे, आणि उजवा मांडीखाली. मल्हारीला ती दोन कॉमिक्स आठवायची, झग्याच्या आतले हात आठवायचे.

घरात आवाज नव्हता. पूर्वी पोरगं जे बोले त्याला मल्हारी बडबड म्हणत होता. आता ती बडबड नव्हती तर भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येई. साळूबाई एक दिवस म्हणाली, "अहो, तुम्हीच बोला की त्याच्याशी त्याच्यातलं काहीतरी."

"मला त्याच्यातलं काय येतंय?"

"मग शिका. प्रेस काय पोटातनं शिकून आला व्हता?"

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर मल्हारी भागीबाईच्या दुकानापुढे उभा राहिला. तेलकट कपडे, हातात डब्याची पिशवी.

"काय पाहिजे मल्हारीभाऊ? वहिनींना बांगड्या?"

"ते... झगेवाला. तिमिर का कोण."

भागीबाईने तोंड उघडलं. दुसरा कुणी असता तर त्याची चेष्टा चार दिवस पुरली असती. पण सुतळीवरचा चिमटा काढून तिने कॉमिक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "तेलाचे हात पुसा आधी."

मल्हारीने ते तीन-चार दिवस वाचलं. हिंदी अक्षरं त्याला ओळखीची होती, पण चौकटींचा क्रम लागत नव्हता. कुठल्या चौकटीनंतर कुठली वाचायची हेच कळेना. बोट ठेवून, ओठ हलवून, त्याने ते शेवटपर्यंत नेलं. एवढे कष्ट त्याने यंत्राचा नवा साचा समजून घ्यायलाही घेतले नव्हते. मग जेवताना, ताटाकडे बघतच, तो म्हणाला, "मला वाटतं, तो दंतासुर मरायचा नाय. त्याची बायको लय वंगाळ हे. तीच मारंल झगेवाल्याला."

साळूबाईचा हात भाकरीवर थांबला.

अमोलने वर बघितलं. "ती त्याची बायको नाहीये, नाना. आई आहे."

"आई? मग एवढी तरणी कशी?"

"चित्रकाराने कंटाळा केलाय."

एवढं बोलून तो पुन्हा ताटात बघायला लागला. पण बोलला होता. मल्हारी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी लवकर झोपला.

'सात बुरूज'चा दुसरा भाग खरंच आला, पण उशिरा आला. तोपर्यंत तसले गेम शिळे झाले होते, पोरं कॉम्प्युटरवर खेळायला कॅफेत जात होती. राजला ती कॅसेट मेन रोडच्या फुटपाथवर सापडली. राज आता बापाची रिक्षा चालवत होता. रविवारी तो रिक्षा दारात लावून आत आला आणि कॅसेट अमोलच्या पुढ्यात ठेवली.

"आठवा बुरूज, साहेब. खेळायची कुणाची हिंमत नाही तुझ्याशिवाय."

अमोल बघत राहिला. "तू खेळ. मी बघतो."

"मी खेळलो तर तिसऱ्यावर मरतो, हे साऱ्या सिडकोला ठाऊक आहे."

"अरे पण कसं—" अमोल थांबला. उजव्या हाताने खिशातच काहीतरी हालचाल केली.

मल्हारी उठला. माळ्यावरचा डबा त्यानेच काढला, धूळ झटकली. रिमोट वायरीत गुंडाळलेला होता. वायर सोडवताना त्याच्या बोटांना रबर लागलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी. तीच. वाळून भेगा पडल्या होत्या, पण गाठ सुटली नव्हती. बटण आतच होतं.

तो माळ्याखाली स्टुलावर उभा होता तसाच उभा राहिला. दवाखान्यात फोरमन म्हणाला होता, बटण बांधलं होतं. कशाने बांधलं, हे मल्हारीने कधी विचारलंच नव्हतं. आपणच ठरवलं होतं, ढलपी असेल, चिंधी असेल.

तो खाली उतरला. राज टीव्हीच्या मागे वायर खोचत होता. मल्हारीने हलक्या आवाजात विचारलं, "आमल्या, मशीनवर... कशानं बांधलं व्हतं रे?"

अमोलने रिमोटकडे बघितलं.

"ट्यूबनेच," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही राग नव्हता. राग असता तर मल्हारीला सोपं गेलं असतं. "घट्ट बसते ना ती."

मल्हारीने खिशातून विड्याची पानं कापायची छोटी सुरी काढली आणि पट्टीखाली घातली.

"नको, नाना. राहू द्या. ढाल लागते."

सुरी पुन्हा मिटून खिशात गेली.

मग जे झालं त्यावर राज पुढे कितीतरी दिवस कुणाशी बोलला नाही, तो बोलघेवडा असूनही. मल्हारी अमोलच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसला, मांडीला मांडी लावून. रिमोटची डावी बाजू अमोलने धरली, उजवी मल्हारीने. पोरगं शिपाई चालवणार आणि बाप बाण सोडणार असं ठरलं. मल्हारीचा अंगठा त्या बटणापुढे भला मोठा होता. आयुष्यभर प्रेसचं बटण दाबलेला, त्यामुळे त्याने तळहाताचा जोर लावून दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

"सोडा, नाना."

"आं?"

"दाबलं की सोडायचं. सोडल्यावरच पुढचा बाण येतो. सोडणं पण काम आहे."

मल्हारीने सोडलं. पुन्हा दाबलं. पहिल्या बुरुजावर शिपाई मेला. पुन्हा मेला. अमोल म्हणे आत्ता, आणि मल्हारीचा अंगठा खाली जाईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असे. पन्नाशीच्या त्या माणसाच्या कपाळावर घाम आला होता, पंखा डोक्यावर असताना. तिसऱ्या का चौथ्या डावात पहिला बुरूज पडला तेव्हा अमोलने रिमोट नीट धरायला म्हणून दुसरा हात बाहेर काढला. खिशातला. त्याने तो रिमोटच्या खाली टेकू म्हणून लावला. त्याचं त्याला कळलंही नाही. मल्हारीला कळलं. जखमेवरची पट्टी सुटल्यापासून तो हात त्याने उजेडात पाहिला नव्हता. उरलेली दोन बोटं आणि शिवणीची पांढरी रेघ. तो टीव्हीकडेच बघत राहिला, मान न वळवता, कारण मान वळवली असती तर हात परत आत गेला असता.

आठव्या बुरुजाला ते पोचले नाहीत. पोचवलं ते राजने, पुढच्या आठवड्यात, कॅफेतल्या कुणाकडून तरी एक युक्ती शिकून. अमोलने शेजारी बसून तो बुरूज बघितला आणि मग म्हणाला, "पहिलाच आहे. रंग बदललाय फक्त. मी म्हटलं नव्हतं?"

"म्हणाला होतास," राज म्हणाला.

"अब्रू घालवली त्यांनी."

त्यानंतर अमोल परत पायरीवर बसायला लागला. पूर्वीसारखा नाही, कधीमधी. हात खिशातच. पुढे त्याला झेरॉक्सच्या दुकानात काम मिळालं. कागद लावायचे, बटण दाबायचं. ते त्याने डाव्या हाताने केलं आणि चांगलं केलं. कॉमिक्स मात्र संपत चालली होती. भागीबाईच्या सुतळीवर आता मोबाइलच्या रिचार्जची कार्डं लटकत. एका कोपऱ्यात शेवटची दहा-पंधरा कॉमिक्स उरली होती आणि ती वाचायला पोरं नव्हती, पूर्वीची मोठी झालेली पोरं येत, कामावरून जाता जाता.

त्यातल्या सगळ्यांत नव्या अंकाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, अंतिम युद्ध, पुढच्या अंकात. 'लवकरच' हा शब्द पहिल्यांदाच गेला होता. सगळे खूश झाले. अमोलने ते पान गुडघ्यावर ठेवून बराच वेळ बघितलं.

"येणार नाही," तो म्हणाला.

"का रे? या वेळी तर तारीख दिल्यासारखं लिहिलंय."

"चित्र जुन्या अंकातलं उचललंय. नवीन काढायला माणूसच ठेवलेला नाही. बंद होणार आहे."

तसंच झालं. तो अंक आला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. भागीबाईने रविवार कारंजावर घाऊकवाल्याकडे चौकशी केली तर कळलं की कंपनीच आवरली. तिने ती सुतळी काढून टाकली, आणि जाता जाता मल्हारीच्या दारात थांबून मोठ्याने म्हणाली, "तुमच्या पोराचं शेवटचं मतबी खरं निघालं हो, मल्हारीभाऊ!"

मल्हारी तेव्हा निवृत्त व्हायला आला होता. तो आणि अमोल दारात बसले होते. साळूबाई आत ताटं घेत होती. भागीबाई गेली. अमोलने बापाकडे बघितलं. तो आता पंचविशीचा होता, गालावर दाढी होती, पण बघणं तेच होतं, त्या रविवारचं, रिमोट बापाच्या हातात असतानाचं.

"बरोबर सांगितलं होतं ना, नाना?"

बरोबर सांगितलं होतं. गल्लीतल्या एकालाही जे दिसलं नाही ते पोराला एका चित्रात दिसलं होतं. ते बघायला किती वर्षांची नजर लागते हे मल्हारीला आता कळत होतं, कारण त्याने स्वतः बोट ठेवून एक कॉमिक वाचलं होतं. शब्द त्याच्या तोंडात आला. अगदी ओठांपर्यंत आला. तो शब्द त्याने या पोराला एकदाच दिला होता, आणि पोराने तो जपून कारखान्यात नेला होता.

मल्हारीने तोंड मिटलं.

"चल," तो म्हणाला, "जेवून घे. भाकरी निवायली."

अमोल थोडा थांबला. मग उठला, डाव्या हाताने चौकट धरून, आणि आत गेला. मल्हारी आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून तिथेच बसून राहिला. आतून साळूबाईने दोनदा हाक मारली तरी तो उठला नाही.